मुंबईहून लंडन, आगबोटीने: तयारी नेमकी कशी व्हायची

आगबोटींच्या इतिहासावर मराठीत जे लिहिलं जातं त्यात पहिली बोट कोणती, कधी सुटली, कोणी बांधली एवढं हमखास सापडतं. पण १८५० साली एखाद्याला मुंबईहून लंडनला जायचं असेल तर त्याने आधी काय करायचं, पैसे कुठे भरायचे, पेटी किती मोठी घ्यायची, हे कुठे फारसं येत नाही. मला स्वतःला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्या काळचा प्रवास खरा कळतो तो या तपशिलांतूनच. आणि तपशील जमवत गेलं की एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. आगबोट चालायची टपालासाठी आणि थांबायची कोळशासाठी. प्रवाशाची सोय या दोन्हींतून जी उरेल ती. निघायची तारीख, भाडं, सामानाचा आकार, वाटेतले मुक्काम, सगळं या दोन गोष्टींवरून ठरायचं.

आधी वाट सांगतो. सुएझ कालवा १८६९ चा, म्हणून तोवर मुंबईहून एडनमार्गे सुएझपर्यंत एक बोट, तिथून खुष्कीने इजिप्त ओलांडून अलेक्झांड्रिया, आणि पुढे भूमध्य समुद्रातून दुसरी बोट. आता कोळशापासून सुरुवात करू. ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात बांधली गेली आणि २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं, दोन्ही बाजूंना चाकं. तिची रचना जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा मावेल अशी होती, आणि मुंबई ते एडन हे अंतर आहे १,६४० सागरी मैलांच्या आसपास. मग केलं काय, तर रिकामी दिसेल त्या जागेत कोळसा भरला आणि अकरा दिवसांची बेगमी केली. प्रवाशांना आणि टपालाला जागा उरलीच नाही म्हणायची. इतका भार घेतल्यावर बोट पाण्यात खोल बसते, चाकांच्या फळ्या गरजेपेक्षा जास्त बुडतात, त्यांची अर्धी ताकद पाणी वर उपसण्यात जाते आणि वेग पडतो. पहिल्या काही दिवसांत बोट रांगते, कोळसा जळत जाईल तशी वर उठते आणि जरा पळायला लागते. एडनला ती ३१ मार्चला पोचली तेव्हा काही तासांचाच कोळसा शिल्लक होता. सुएझला २२ एप्रिलला. एकूण तेहेतीस दिवस, त्यातले साधारण बारा निव्वळ वाटेत कोळसा भरण्यात गेले. प्रत्यक्ष चालणं एकवीस दिवसांचं.

हा कोळसा यायचा कुठून, हे पाहिलं की भाडं एवढं का असायचं ते कळतं. चांगला कोळसा वेल्सचा. तो शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला यायचा आणि इथून पुन्हा शिडाच्याच जहाजांनी एडनला, जेद्दाला पुढे धाडून ठेवायचा. सुएझचा कोळसा तर आधी अलेक्झांड्रियाला, तिथून नाईलमधून कैरोला आणि मग उंटांच्या पाठीवरून चौऱ्याऐंशी मैल वाळवंट ओलांडून. वाफेची बोट शिडाच्या जहाजावर आणि उंटावर अवलंबून होती. जानेवारी १८३९ मध्ये मुंबई सरकारने एडन घेतलं त्यामागे कोळशाच्या वखारीला सुरक्षित जागा हवी हे एक मोठं कारण होतं. पुढची शंभर वर्षं एडनचा कारभार त्याच कामावर चालला.

आता टपाल. १८४० साली पी अँड ओ या इंग्लिश आगबोट कंपनीला सनद मिळाली आणि तिची अलेक्झांड्रियापर्यंतची टपालफेरी सुरू झाली. १८४२ पासून सुएझ ते कलकत्ता ही बाजूही तिच्याकडे आली. मुंबई-सुएझ मार्ग मात्र १८५४ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराकडे होता. त्या मुळात लढाऊ बोटी. केबिनी मोजक्या, आणि त्या आधी कंपनीच्या अधिकाऱ्यांना. बाकीच्यांनी वर डेकवर अंथरूण टाकायचं. त्यामुळे मुंबईच्या प्रवाशाची त्या काळातली तक्रार रास्त होती: कलकत्त्याच्या माणसाला पैसे देऊन नीट सोय मिळायची, मुंबईकराचं अंतर कमी पण हाल जास्त.

सुरुवातीला टपाल महिन्यातून एकदा निघे, पुढे दोनदा, आणि १८६८ पासून मुंबईहून आठवड्याला. तारीख आधी जाहीर व्हायची. टपालाच्या करारात उशिरासाठी दंडाची कलमं असत, म्हणून बोट कोणासाठी थांबत नसे. नागपूरहून किंवा सोलापूरहून येणाऱ्या माणसाने म्हणून हिशोब उलटा मांडायचा: बोटीच्या तारखेपासून मागे येत चार-पाच दिवसांची मोकळीक ठेवून घर सोडायचं. एक फेरी चुकली की महिनाभर मुंबईत मुक्काम, आणि पुढच्या बोटीत जागा मिळेलच असं नाही.

महिना कोणता निवडायचा? माझ्या मते फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च. अरबी समुद्र शांत असतो, तांबडा समुद्र अजून तापलेला नसतो आणि इंग्लंडात पाय ठेवताना थंडी ओसरलेली असते. एप्रिल-मेमध्ये इजिप्तमध्ये खमसीन वाहतो, वाळूचा गरम वारा. जून ते ऑगस्ट तर नकोच. नैर्ऋत्य मोसमी वारा मुंबईहून एडनकडे जाणाऱ्या बोटीच्या बरोबर तोंडावर येतो. चाकांच्या बोटीला याचा विशेष त्रास, कारण बोट एका अंगावर कलली की एक चाक पाण्याबाहेर येऊन रिकामं गरगरतं आणि दुसरं पार बुडतं, इंजिनाला हिसके बसतात. कोळसा दुप्पट जळतो आणि अंतर निम्मंच कापलं जातं. म्हणून पावसाळ्यात बोटी आधी दक्षिणेला उतरून, वाऱ्याचा जोर जिथे कमी तिथून पश्चिमेला वळत. वळसा लांबचा, पण एडन गाठायची खात्री त्यातच. पुढे मळसूत्री पंख्याच्या बोटी आल्यावर ही अडचण बरीच कमी झाली, कारण पंखा पाण्याखाली खोल असतो.

तांबड्या समुद्रातल्या उकाड्याचं कारण नुसतं ऊन नाही. वारा मागून आणि बोटीच्याच वेगाने येत असला की डेकवर हवा पूर्ण थांबते. अशा वेळी कप्तान बोट काही वेळ उलटी फिरवून वाऱ्याच्या तोंडावर धरत, खालच्या केबिनींत जरा हवा खेळावी म्हणून. केबिन निवडताना हे लक्षात ठेवायचं. मुंबईहून सुएझकडे जाताना दुपारचं ऊन डाव्या अंगाला येतं, तेव्हा उजव्या बाजूची केबिन संध्याकाळी त्यातल्या त्यात गार. परत येताना याच्या उलट. चाकाच्या पेटीजवळची आणि इंजिनाजवळची जागा टाळायची, कारण खडखडाट आणि धग दोन्ही रात्रभर. कंपनीच्या कचेरीत बोटीचा आराखडा असे, त्यावर घेतलेल्या जागा मांडलेल्या असत. जितक्या लवकर पैसे भराल तितकी निवड मोठी.

भाडं पहिल्या वर्गाचं शंभर पौंडांच्या आसपास. तेव्हा पौंडाला दहा रुपये, म्हणजे हजार रुपयांच्या घरात.  थेट तिकिटात इजिप्तमधला खुष्कीचा प्रवास, जेवण, अंथरूण-पांघरूण धरलेलं असे. पण ईस्ट इंडिया कंपनीच्या लढाऊ बोटीने सुएझपर्यंत जाणाऱ्याला इजिप्तचे पैसे वेगळे, भूमध्य समुद्राचे वेगळे. म्हणून १८५४ च्या आधीच्या मुंबईकर प्रवाशाला तीन ठिकाणी तीन हिशोब करावे लागत. रोख बरोबर फार न्यायची नाही. लंडनच्या पेढीवरची हुंडी किंवा पतपत्र घ्यायचं आणि वाटखर्चाला सोन्याचे सॉव्हरिन, म्हणजे एक पौंडाची नाणी. रुपया एडनपर्यंत चालायचा, पुढे नाही. इजिप्तमध्ये सॉव्हरिनला साडेसत्त्याण्णव पियास्टर हा ठरलेला दर होता. तो ठाऊक नसेल तर प्रत्येक सराफ नव्वदच देणार.

सामानाबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण लोक चुकायचे ते इथेच. पी अँड ओचा नियम होता: कुठलीही पेटी ८० पौंडांपेक्षा जड नको, लांबी तीन फूट, रुंदी सव्वा फूट, उंची एक फूट दोन इंच यापेक्षा मोठी नको. हे आकडे कोणी हवेतून काढलेले नाहीत. सुएझ ते कैरो सामान उंटावरून जायचं. उंटावर ओझं दोन्ही अंगांना सारखं लटकवावं लागतं. एका बाजूला ८० पौंडांची पेटी आणि दुसऱ्या बाजूला ४० ची बांधली तर खोगीर घसरतं, उंटाची पाठ सोलवटते, आणि उंटवाला सरळ दोन्ही पेट्या वाळूत उतरवून ठेवतो. म्हणून जाणकार माणूस पेट्या जोडीने घ्यायचा, एकाच मापाच्या, आणि बांधून झाल्यावर वजन करून जोड्या जुळवायचा. पुस्तकं, भांडी, बूट दोन्ही पेट्यांत वाटून. मोठा लांबट संदूक नेणाऱ्याला त्याच्या वजनाची जोड मिळेपर्यंत सामान मागे राहण्याचा धोका. चौदा इंच उंचीचा दुसरा फायदा म्हणजे तीच पेटी बोटीवर बिछान्याच्या फळीखाली सरकते.

पेटीला आतून जस्ताचा किंवा टिनाचा पत्रा हवा. बोटीच्या तळघरात, म्हणजे सामानाच्या कोठारात, खाऱ्या हवेची दमट वाफ असते, लोकरीच्या कपड्यांना आठ दिवसांत बुरशी येते. बाहेरून नाव आणि शेवटचा मुक्काम पांढऱ्या रंगात ठळक अक्षरांनी. चिकटवलेला कागद टिकत नाही. सामान तीन भागांत करायचं: केबिनमध्ये लागणारं, वाटेत मधूनच काढावं लागणारं आणि लंडनपर्यंत न उघडायचं. मधल्या भागाला फार महत्त्व, कारण तळघर ठरावीक दिवशीच उघडतात. तांबड्या समुद्रात पातळ सुती कपडे लागतात आणि माल्टा सोडल्यावर लोकर, या दोहोंत दोन आठवड्यांचंही अंतर नाही. बोटीवर कपडे धुवायची सोय नसे, गोडं पाणी मोजून मिळे. दिवसाला एक सदरा या हिशोबाने सदरे घ्यावे लागत. अलमाऱ्या, पलंग, दप्तरांचे गठ्ठे असं जड सामान मुळात आगबोटीने न्यायचंच नाही. ते चार-पाच महिने आधी शिडाच्या जहाजाने केपच्या वाटेने रवाना करायचं. जादा वजनाला आगबोटीचा दर जबर असे.

निघण्याच्या आदल्या दिवशी मोठं सामान पोचतं करायचं, आयत्या दिवशी फक्त हातातली पिशवी आणि टोपीची पेटी. मुंबईत तेव्हा मोठ्या बोटींना धक्क्याला लागायची सोय नव्हती. बोट बंदरात नांगरलेली, आणि पालवा बंदरावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं. ससून डॉक १८७५ चा, प्रिन्सेस डॉक १८८० चा.

बोटीवर कोणाशी बोलायचं हे कोकणातल्या वाचकाला सांगायला आनंद वाटतो. डेकवरचे खलाशी बरेचसे रत्नागिरीकडचे, त्यांच्यावर सारंग आणि टिंडेल हे मुकादम. जेवणघरात वाढणारे बहुतेक गोव्याचे. साहेब अधिकाऱ्यांच्या वरच्या यादीत त्यांची नावं नसतील, पण पाण्याची जादा बादली, डेकवर सावलीतली जागा, तळघरातून एक पेटी लवकर काढून देणं, ही कामं त्यांच्याच हातात. मराठी किंवा कोकणी बोलणाऱ्या प्रवाशाला तिथे नक्कीच आधार होता.

एडनला एक दिवस कोळशात जातो. खिडक्या बंद, पडदे गुंडाळलेले, पाट्या डोक्यावर घेऊन माणसांची रांग, आणि काळी भुकटी सगळीकडे. यावर उपाय एकच. सकाळीच किनाऱ्यावर उतरायचं, जुनी दगडी टाकी पाहायची आणि कोळसा भरून डेक धुतल्यावरच परत यायचं. केबिन सोडताना अंथरुणावर चादर झाकून, खिडकीच्या फटीत फडकी कोंबून जायचं.

आता सुएझ. बोट गावापासून दूर नांगरते कारण किनारा उथळ. पडावाने उतरायचं, तेही भरती बघून. गावात गोडं पाणी नाही, हॉटेल एक-दोन. बोट दिसली की वाळवंटातल्या मनोऱ्यांवरून खुणांच्या तारेने कैरोला कळवलं जायचं. पण घोडे मर्यादित, म्हणून सगळे प्रवासी एकदम निघू शकत नसत. दोन चाकांच्या गाड्या, एकेकीत सहा माणसं, चार जनावरं जुंपलेली. चार-सहा गाड्यांचा एक ताफा, मग काही तास थांबून दुसरा. कोणी कोणत्या ताफ्यात जायचं यासाठी चिठ्ठ्या टाकत. कुटुंबातली माणसं वेगवेगळ्या गाड्यांत पडायची, म्हणून सहा जणांची टोळी बोटीवरच जमवून एका नावाने चिठ्ठी टाकणं शहाणपणाचं. ताफ्यांत पहिला क्रमांक सगळ्यात चांगला: जनावरं ताजी, ठाण्यांवर जेवण शिल्लक. शेवटच्या ताफ्याला दमलेले घोडे आणि उरलंसुरलं.

चौऱ्याऐंशी मैल, दर पाच-सहा मैलांवर जनावरं बदलायचं ठाणं, मध्यावर मोठं ठाणं जिथे जेवण आणि बाकावर तासभर पाठ टेकायची सोय. सगळं मिळून सोळा-अठरा तास. वाट म्हणजे दगडगोट्यांचा पट्टा, गाडीला कमानी नावापुरत्या. ठाण्यावरचा पाण्याचा थेंब न् थेंब नाईलमधून उंटाने आणलेला, म्हणून आपली सुरई भरून घ्यायची आणि रात्रीसाठी शाल हाताशी ठेवायची, कारण वाळवंटात पहाटे चांगलीच थंडी पडते. या सगळ्या व्यवस्थेचा पाया थॉमस वॅगहॉर्नने १८३० च्या दशकात घातला. पुढे १८४० च्या दशकात ती इजिप्तच्या पाशाच्या सरकारने आपल्याकडे घेतली. वॅगहॉर्नने १८४५ साली मुंबईची १ ऑक्टोबरची पत्रं त्रिएस्तच्या वाटेने ३१ ऑक्टोबरला लंडनात पोचवून दाखवली. माणसांना मात्र तेव्हा पाच-सहा आठवडे धरावे लागत. हा मनुष्य १८५० साली कर्जबाजारी अवस्थेत गेला, याचं मला फार वाईट वाटतं.

कैरोच्या बुलाक धक्क्यावरून नाईलमधल्या छोट्या आगबोटीने अत्फेपर्यंत, साधारण १२० मैल. तिथे पुन्हा उतरायचं, कारण महमुदिया कालवा नदीला जिथे मिळतो तिथे सगळं सामान बदलावं लागे. मग ओढल्या जाणाऱ्या पडावातून अलेक्झांड्रियापर्यंत जवळजवळ ५० मैल. वसंतात नाईल उतरलेली असते, बोट वाळूत रुतते आणि अर्धा दिवस जातो. पेट्यांची मोजणी प्रत्येक बदलीच्या जागी स्वतः करायची: सुएझला पडावात, उंटावर, बुलाकला, अत्फेला, अलेक्झांड्रियाला. हरवलेली पेटी पुढच्या मुक्कामी लक्षात आली तर ती पुढच्या महिन्याच्या बोटीने येणार.

आणि क्वारंटाइन! इजिप्तमध्ये प्लेगचा संशय असला की बोटीच्या आरोग्यपत्रावर तशी नोंद होई आणि माल्टाला किंवा फ्रान्सच्या मार्सेल बंदरात उतरणाऱ्याला दोन-तीन आठवडे लाझारेटोत, म्हणजे क्वारंटाइनच्या इमारतीत, कोंडून ठेवत. पत्रांना चिरा पाडून धुरी देत. इंग्लंडला मात्र समुद्रावरचे दिवस त्या मुदतीत धरत. म्हणून जवळची वाट म्हणून मार्सेलला उतरणारा माणूस कधीकधी साउदॅम्प्टनपर्यंत बोटीतच बसून राहिलेल्याच्या मागाहून लंडनला पोचायचा. अलेक्झांड्रियाला तिकिटाचा शेवटचा टप्पा पक्का करण्यापूर्वी आरोग्यपत्र काय म्हणतं ते विचारणं गरजेचं होतं.

क्वारंटाइन नसेल तर मार्सेलची वाट पाच-सहा दिवस वाचवते. साउदॅम्प्टनला जिब्राल्टरवरून दोन आठवडे लागतात. पण फ्रान्समधून जायचं तर पासपोर्टवर फ्रेंच वकिलातीचा शिक्का हवा, रेल्वेचे पैसे आपले आपण भरायचे, आणि आगगाडी सलग नव्हती. मार्सेल ते अविन्यों रेल्वे १८४९ ची, पॅरिसहून शालोंपर्यंत १८५१ ची. मधे रोन आणि साओन नद्यांवरच्या आगबोटी. पॅरिस-लिओं १८५४ ला, लिओं-अविन्यों १८५५ ला जोडलं गेलं, तेव्हा कुठे मार्सेलला बसून कॅलेजवळ उतरता यायला लागलं. जड सामान साउदॅम्प्टनला बोटीनेच जाऊ द्यायचं आणि आपण हलक्या पिशवीनिशी फ्रान्समधून जायचं, हा त्यावरचा सर्वात चांगला मार्ग.

रेल्वेने इजिप्तही बदललं. अलेक्झांड्रिया ते कैरो १८५६ मध्ये, कैरो ते सुएझ १८५८ च्या अखेरीस. चिठ्ठ्या, उंट, रुतलेली बोट, सगळं गेलं. सुएझला पाणीही आगगाडीने टाक्यांतून येऊ लागलं, १८६३ ला गोड्या पाण्याचा कालवा पोचेपर्यंत. गंमत पाहा, सुएझ कालव्याच्या आधी अकरा वर्षं हा सगळा मार्ग वाफेवर जोडला गेलेला होता. म्हणून १७ नोव्हेंबर १८६९ ला सुएझ कालवा उघडला तेव्हा प्रवाशाच्या दृष्टीने वेळ लगेच वाचली नाही. १६४ किलोमीटर लांब, तळाशी जेमतेम २२ मीटर रुंद, ८ मीटर खोल, वेगाला मर्यादा, समोरून बोट आली की बाजूला बांधून उभं राहायचं, सूर्य मावळला की नांगर. दर प्रवाशी १० फ्रँक कर, तो बोटीच्या कंपनीने भरायचा आणि भाड्यातून काढायचा. पुष्कळ वर्षं टपाल अलेक्झांड्रियाला उतरवून रेल्वेनेच सुएझला नेत. १८८७ पासून विजेचा झोत लावून रात्री कालव्यातून जायला सर्व बोटींना परवानगी मिळाली, तेव्हा दीड दिवसाचं काम एका दिवसाच्या आत आलं. कालव्याचा खरा फायदा सामानाला झाला: मुंबईला तळघरात टाकलेली पेटी लंडनलाच बाहेर काढायची. ज्यांच्याबरोबर लहान मुलं आणि पुष्कळ पेट्या, त्यांनी कालव्यातून जावं. ज्यांना घाई, त्यांनी इटलीतल्या ब्रिंदिसी बंदरात उतरावं. १८७० पासून टपाल ब्रिंदिसीमार्गे जाऊ लागलं आणि १८७१ मध्ये मों सनीचा बोगदा उघडल्यावर इटली ते फ्रान्स आगगाडी न बदलता आल्प्स ओलांडता आले. त्याआधी तीन वर्षं खिंडीवरून मधल्या तिसऱ्या रुळाला पकडून चढणारी, फेल नावाच्या इंजिनिअरची रेल्वे होती, तिच्यात सामान पुन्हा उतरवावं लागे.

आपल्याकडची बाजूही तितकीच तुटक होती. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे सुरू झालं, १८५६ ला खोपोलीपर्यंत रूळ पोचले, १८५८ ला खंडाळा ते पुणे. मधला बोरघाट मात्र १८६३ पर्यंत बाकी. पुण्याचा प्रवासी खंडाळ्याला उतरे, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट उतरे आणि खोपोलीला पुन्हा गाडी धरे. पावसाळ्यात या उतारावर सामान भिजतंच, म्हणून मेणकापड पेटीवर पुण्यातच बांधायचं. घाटातला मार्ग झाल्यावरही ३७ फुटांना एक फूट असा चढ, आणि मधे उलटं फिरवायचं स्टेशन, जिथे इंजिन मागच्या टोकाला जोडून गाडी उलट दिशेने पुढे जाई. १८६५ ला थळघाट, मार्च १८७० ला जबलपूरवरून कलकत्त्याशी जोडणी. त्यानंतर कलकत्त्याचा साहेबही लंकेला वळसा घालायचं सोडून आगगाडीने मुंबईला येऊ लागला, आणि मुंबईकराला केबिनीसाठी स्पर्धा वाढली. त्याच वर्षी समुद्रतळाची तार मुंबईहून एडन-सुएझमार्गे लंडनला जोडली गेली. परतीची जागा राखायला पत्र पाठवून दोन महिने वाट पाहण्याऐवजी तारेने दोन दिवसांत उत्तर.

मराठी माणसाला आणखी एक तयारी लागे, स्वयंपाकाची आणि समाजाची. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला गेलेले रंगो बापूजी १८५३ पर्यंत लंडनात राहिले, त्या पिढीला परत आल्यावर प्रायश्चित्त अटळ होतं. बोटीवर पहिल्या आठवड्याला पुरतील अशा दशम्या, भाजणी, मेतकूट, लोणचं घरून न्यायचं. पुढे भात, बटाटे, पाव, फळं यांवर निभावायचं. आणि सोबत शोधायची. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला ‘सिटी ऑफ कलकत्ता’ने निघाल्या त्या मुंबईहून नव्हेत, कलकत्त्याहून. त्यांचे पती गोपाळराव तेव्हा कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरच्या टपाल कचेरीत, आणि सोबतीला अमेरिकन मिशनरी बायका मिळाल्या त्या तिथूनच निघणाऱ्या. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. सोबत मिळेल त्या बंदरावरून निघायचं, हा एकट्या बाईसाठी त्या काळातला पहिला नियम.

रेल्वे आणि बोट मिळून एकच तिकीट, ही कल्पना गरीब प्रवाशापर्यंत पोचायला १८८६ उजाडलं. हिंदुस्थान सरकारने हज यात्रेची व्यवस्था थॉमस कुक अँड सनकडे दिली: यात्रेकरूने गावाजवळच्या स्टेशनापासून मुंबईमार्गे जेद्दापर्यंत तिकीट घ्यायचं, शक्यतो परतीचंही. परतीचंच महत्त्व जास्त. एकेरी तिकिटावर गेलेले लोक पैसे संपल्यावर जेद्दात अडकून पडत, आणि वाटेत तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटाइनचे दिवस धरून शिधा न नेल्यामुळे आधीच कर्ज झालेलं असे. ही व्यवस्था फार वर्षं टिकली नाही, पण तिच्यातला परतीच्या तिकिटाचा आग्रह अगदी योग्य होता.

परतीच्या तिकिटाचा फायदा १८७३ नंतर सगळ्यांनाच होता. चांदीचा भाव घसरत गेला तसा रुपयाही घसरला. दहा रुपयांचा पौंड १८९० च्या दशकात पंधरा रुपयांवर गेला. पौंडांत भाडं उतरलं तरी रुपयांत ते फारसं उतरलेलं दिसत नाही ते यामुळे. परतीचे पैसे मुंबईतच भरून टाकणारा माणूस नुकसानीतून वाचायचा.

शेवटी घड्याळ. मुंबई शहर आपल्या स्थानिक वेळेवर चालायचं आणि आगगाड्या मद्रास वेळेवर. मद्रास अर्धा तास पुढे. म्हणजे वेळापत्रकात सकाळी आठची गाडी असेल तर शहरातल्या घड्याळात तेव्हा साडेसात वाजलेले असतात. बोटीची वेळ कंपनी कधी शहराच्या घड्याळाने छापे, आगगाडीची रेल्वेच्या घड्याळाने. पुण्याला नातेवाइकांना भेटून बोटीच्या आदल्या दिवशी मुंबईला यायचं असेल, तर दोन्ही वेळा कागदावर शेजारीशेजारी मांडून, आगगाडीच्या वेळेतून अर्धा तास वजा करून मगच टांग्याला सांगावं.